गुळगुळीत दाढीची सक्ती

पहिल्या महायुद्धात रणांगणावर विषारी वायू आला आणि सैनिकांच्या दाढीचे दिवस भरले. मुखवटा गालाला घट्ट बसला नाही तर फटीतून वायू आत शिरतो, म्हणून अमेरिकी सैन्यात गुळगुळीत दाढीची सक्ती झाली. जिलेट कंपनीने सरकारला तब्बल ३५ लाख सेफ्टी रेझर पुरवले. युद्धानंतर जवान घरी परतले ते रोज सकाळी दाढी करायची सवय घेऊनच. पुढे कित्येक कंपन्यांनी ही सवय कामगारांसाठीच्या नियमांत घातली.

हे नियम करताना डोळ्यांसमोर होता तो सरळ केसांचा चेहरा. आफ्रिकी वंशाच्या अनेक पुरुषांची दाढी कुरळी असते. पात्याने कापलेल्या अशा केसाला धारदार टोक येतं, वाढताना तो वळतो आणि उलटा कातडीत घुसतो. मग पुळ्या, पू, काळे डाग, काहींच्या मानेवर कायमचे जाड व्रण. १९५६ मध्ये स्ट्रॉस आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी या विकारावर सविस्तर लिहिलं. बोलण्यात त्याला ‘रेझर बम्प्स’ म्हणतात. मलमांनी त्रास थोडा कमी होतो, पण खात्रीचा उपाय म्हणजे वस्तरा बंद करणं. नोकरीसाठी नेमकं तेच करता येत नव्हतं.

१९७० मध्ये अमेरिकेचे नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल झुमवॉल्ट यांनी नौदलात दाढीला मोकळीक दिली. १९८५ उजाडताच ती काढून घेण्यात आली.

नागरी नोकऱ्यांतला एक लढा न्यायालयात गेला तो नेब्रास्कातल्या डॉमिनोज पिझ्झामुळे. घरोघर पिझ्झा पोचवणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाला दाढी करता येत नाही म्हणून काढून टाकलं होतं. समान रोजगार संधी आयोग त्याच्या बाजूने उभा राहिला. तज्ज्ञांनी साक्ष दिली की हा विकार जवळजवळ निम्म्या कृष्णवर्णीय पुरुषांना होतो आणि सुमारे चौथ्या हिश्शाला दाढी करणंच शक्य नसतं. कंपनीने पुढे केली ती जनमत चाचणी: २० टक्क्यांपर्यंत ग्राहकांना दाढीवाला माणूस दारात आलेला आवडणार नाही म्हणे. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने हे कारण फेटाळलं. वैद्यकीय कारण असलेल्यांना सूट द्यायलाच हवी, असा निकाल १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली लागला. गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीवर माणसाची भाकरी टांगता येत नाही, हे बजावणारा तो निकाल फार मोलाचा आहे.

त्याच वर्षी अटलांटाचे बारा कृष्णवर्णीय अग्निशामक मात्र हरले. १९८२ पासून त्यांना अगदी बारीक खुंट ठेवायची मुभा होती. १९८८ मध्ये शहराने ती रद्द केली. धुरात श्वास घेण्याचा मुखवटा हवाबंद बसला पाहिजे, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला. तो उडवून लावण्यासारखा नाहीच. मुखवट्यात धूर शिरला तर प्राणावर बेततं. पण न्यूयॉर्कमध्ये जे घडलं ते सलतं. तिथे २०१५ पासून हा विकार असलेल्या अग्निशामकांना आखूड खुंटासह काम करू दिलं जात होतं आणि मुखवट्याच्या चाचणीत ते उत्तीर्णही होत होते. तरी २०१८ मध्ये सवलत गेली. १९९० च्या अपंगत्व कायद्याखाली चौघांनी दावा लावला. खालच्या न्यायालयात त्यांची सरशी झाली, पण २०२१ मध्ये अपिलात निकाल फिरला: मुखवट्याच्या कडेखाली केस नकोत हा केंद्रीय सुरक्षा नियम शहरावर बंधनकारक आहे, म्हणून ही सवलत मागता येत नाही. मुखवटा खरोखर नीट बसतो की नाही, हा प्रश्नच मागे पडला.

सैनिकांना तर तो अपंगत्व कायदा लागूच नाही. त्यांना वैद्यकीय सवलतीची चिठ्ठी मिळवावी लागते. २०२५ मध्ये अमेरिकी लष्कराने नियम आणखी आवळले: उपचार घेऊनही सूट वर्षाहून अधिक काळ लागली, तर सैनिकाला सेवेतून काढता येईल.