वरच्या अंगाचा कोको

ज्यांच्याजवळ लिपी त्यांचा इतिहास, हे आपण साहित्याचे अभ्यासक तत्त्वतः नाकारतो. व्यवहारात मात्र लिखित पुराव्यापाशीच थांबतो. या सवयीची जाणीव आम्हांस झाली ती डार्क चॉकलेटच्या एका वेष्टनामुळे. त्यावर देशाचे नाव होते इक्वादोर, कोकोच्या वाणाचे नासिओनाल, आणि सोबत एक शब्द होता, ‘अरिबा’.

चॉकलेटची रूढ कथा सुरू होते ती मेक्सिको-ग्वाटेमालाच्या परिसरात. माया लोकांनी भांड्यांवर ‘ककाव’ हा शब्द चित्रलिपीत कोरून ठेवला होता. ग्वाटेमालातील रिओ असूल येथे १९८४ साली सापडलेल्या भांड्यावर तो वाचता आला, आणि आतल्या अवशेषांच्या रासायनिक तपासणीने त्याला दुजोरा मिळाला. शब्द आणि वस्तू यांची अशी गाठ पडल्यावर कोकोचे जनकत्व मध्य अमेरिकेकडे गेले, यात नवल नाही.

परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही कथा मागे नेली. इक्वादोरच्या आग्नेय भागात, सांता आना-ला फ्लोरिदा येथील मायो-चिंचिपे संस्कृतीच्या भांड्यांत कोकोचे स्टार्च-कण, थिओब्रोमिन आणि प्राचीन डीएनए सापडले. काळ सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. मध्य अमेरिकेतील पुराव्यांहून साधारण १५०० वर्षे आधीचा. या लोकांनी लिहून काही ठेवले नाही. साक्ष दिली ती भांड्याच्या तळाशी उरलेल्या कणांनी.

‘अरिबा’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘वर’. ग्वायास नदीच्या वरच्या अंगाला पिकणारा, फुलांच्या सुगंधाचा कोको होड्यांतून ग्वायाकील बंदरात येई. व्यापाऱ्यांनी दिशेलाच नाव केले. माल कोठून आला हे त्या नावात राहिले. तो कोणी पिकवला हे राहिले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इक्वादोर जगातील अग्रगण्य कोको-निर्यातदार होता. ‘ग्रान काकाओ’ म्हणून ओळखली जाणारी मळेवाली घराणी पॅरिसमध्ये राहून मळ्यांचे उत्पन्न खर्च करीत. पुढे मोनिलिया आणि ‘चेटकिणीचा झाडू’ या बुरशीजन्य रोगांनी बागा उद्ध्वस्त केल्या, पहिल्या महायुद्धानंतर भाव कोसळले. महागाईने गांजलेल्या कामगारांनी ग्वायाकीलमध्ये संप पुकारला, तेव्हा १५ नोव्हेंबर १९२२ रोजी लष्कराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. होआकीन गायेगोस लारा यांची ‘पाण्यावरचे क्रूस’ या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी १९४६ साली आली ती याच हत्याकांडावर. मृतांच्या स्मरणार्थ नदीत सोडलेले क्रूस म्हणजे हे शीर्षक. वेष्टनावरची ‘वरची’ नदी आणि कादंबरीतली नदी एकच आहे.

१९६५ साली ओमेरो कास्त्रो या कृषितज्ज्ञाने सीसीएन-५१ हा भरघोस पिकणारा, रोगाला तोंड देणारा वाण निवडला. शेतकऱ्याला त्याने तारले; सुगंधाच्या दर्दींनी मात्र त्याला नाक मुरडले. २००८ साली जनुकीय अभ्यासाने कोकोचे दहा गट मांडले, त्यांत नासिओनाल स्वतंत्र ठरला. तेव्हापासून डीएनए तपासून त्याची ‘शुद्ध’ झाडे शोधली जात आहेत, कारण बहुतेक बागांत आता संकरच उरला आहे.

‘शुद्ध’ आणि ‘अस्सल’ या शब्दांनी आमच्या भाषेत काय काय केले आहे, हे ठाऊक असल्याने आम्ही येथे थोडे अडखळतो. जुना वाण जपणे आवश्यकच आहे. तो नष्ट झाला तर एक चव कायमची जाईल, आणि रोगांशी झगडण्याचे बळ देणारे वैविध्यही घटेल. पण झाडाची वंशावळ छापणाऱ्या वेष्टनावर तोडणी करणाऱ्याचे नाव क्वचितच असते. वाणाला मिळालेली प्रतिष्ठा आणि वाढीव किंमत त्या हातांपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न सुगंधाइतकाच चॉकलेटचा भाग आहे.

वेष्टन ही देखील एक संहिताच. आपण विद्यार्थ्यांना संहितेतील मौन वाचायला शिकवतो. ती शिकवण वर्गाबाहेरही वापरून पाहावी, एवढेच आमचे म्हणणे.