पहिले रान

पळस फुलला की मला माझी पहिली कविता आठवते. ती आमच्या यवतमाळच्या रानावरच होती. पुढे लोकांच्या आग्रहाखातर सेहरे लिहिले, मंगलाष्टके लिहिली. त्यांत नवऱ्या मुलाचे मुखडे आले, रान मात्र राहून गेले. म्हणून थॉमस गेन्सबरो हा इंग्रज चित्रकार मला जवळचा वाटतो.

सडबरी हे त्याचे गाव. १७४८ साली, ऐन एकविशीत, त्याने गावाजवळचे ‘कॉर्नर्ड वूड’ रंगवले. दाट झाडी, वळणाची वाट, लाकूडफाटा बांधणारा माणूस. पण निसर्गचित्राला गिऱ्हाईक कमी. मग बाथ आणि लंडन शहरांत त्याने उमरावांची, राजघराण्याची व्यक्तिचित्रे काढली. त्यातच नाव झाले. ४० वर्षांनी, मार्च १७८८मध्ये, त्या जुन्या चित्राविषयी त्याने पत्रात लिहिले. हात शाळकरी आहे, तरी मनोमन समाधान वाटते, असा त्याचा आशय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

आपल्या कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची वाट उलटी. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा माणूस व्यक्तिचित्रांतही तयार होता. शाहू महाराजांचा आश्रयही मिळाला. पण ओढ कोटितीर्थाची, रंकाळ्याची, संध्यामठाची. १९३१ साली ते गेले; लोक आजही त्यांना त्या पाण्यामुळे ओळखतात.

परवा जुनी वही काढली. पहिल्या कवितेत दोन ठिकाणी वृत्त मोडले होते. दुरुस्तीला पेन उचलले, आणि तसेच खाली ठेवले.