मासे झोपतात का? आणि झोपले आहेत हे ओळखायचं कसं?

शाहूपुरीतल्या एखाद्या घरात रात्री पाणी प्यायला उठलेलं मूल दिवा लावतं आणि फिशटँककडे बघून ओरडतं, ‘मासा मेला!’ गोल्डफिश तळाशी निपचित असतो, रंगही फिका पडलेला. पाच मिनिटांत तो पुन्हा पोहू लागतो. मेला नव्हता, झोपला होता.

बहुतेक माशांना पापण्या नसतात. त्यामुळे ते डोळे मिटू शकत नाहीत आणि ‘मासा कधी झोपत नाही’ असा समज होतो. मग झोप ओळखायची कशावरून? शास्त्रज्ञ वागणुकीवरून ओळखतात. मासा ठरावीक वेळी स्थिर होतो, कल्ले संथ हलतात, हलक्या धक्क्याला तो दाद देत नाही, जोराचा धक्का दिला की मात्र जागा होतो. झोपमोड केली तर नंतर ती भरून काढताना दिसतो, ही सगळ्यात बोलकी खूण.

या अभ्यासात सर्वांत उपयोगी पडला तो भारतीय उपखंडातल्या ओढ्यांत आढळणारा, बोटाएवढाही नसलेला झेब्राफिश. त्याची पिल्लं पारदर्शक असल्याने जिवंतपणीच मेंदूत डोकावता येतं. 2019 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी झोपलेल्या पिल्लांच्या मेंदूत दोन वेगळ्या अवस्था टिपल्या. आपल्या गाढ झोपेशी आणि स्वप्नांच्या झोपेशी त्यांचं बरंच साम्य आहे. डोळे गरागरा फिरणं तेवढं त्यांच्यात दिसलं नाही. म्हणजे या झोपेचं मूळ 45 कोटी वर्षांहून जुनं असावं. मासे स्वप्नं बघतात, असा अर्थ मात्र यातून लगेच काढू नये.

झोपायच्या तऱ्हा निरनिराळ्या. लोच जातीचे काही मासे चक्क कुशीवर पडतात. टँकवाले हमखास घाबरतात. प्रवाळातले काही पोपट मासे रात्री अंगाभोवती चिकट पदार्थाची पिशवी विणतात, त्यामुळे रक्त शोषणारे बारीक परजीवी लांब राहतात. मेक्सिकोतल्या अंधाऱ्या गुहांतले आंधळे मासे नदीतल्या भाईबंदांपेक्षा कितीतरी कमी झोपतात. काही शार्कना श्वासासाठी पोहत राहावंच लागतं, पण तळाशी विसावणारे शार्कही आहेत. मागूर रात्री हिंडतो, दिवसा लपतो.

घरच्या टँकसाठी याचा अर्थ सोपा आहे. शोभेसाठी रात्रभर दिवा ठेवू नका. उजेडात झेब्राफिशची झोप जवळपास थांबते, असं प्रयोगांत दिसलं आहे. रोज ठरलेल्या वेळी अंधार करा, लपायला दगड-वनस्पती ठेवा आणि झोपलेल्या माशाला काचेवर टिचकी मारून उठवू नका.

एक गोष्ट मात्र झोप समजून सोडू नये. पहाटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील, तर पाण्यातला प्राणवायू कमी पडला आहे. रात्री वनस्पती आणि शेवाळंही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाट सर्वांत धोक्याची. सांडपाणी मिसळल्यावर पंचगंगेत मासे मरतात तेव्हाही बऱ्याचदा हेच घडतं: घाण कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात. टँकमध्ये असं दिसलं तर हवेचा पंप चालू आहे का ते बघा, थोडं पाणी बदला. दिवसाही कुशीवर पडलेला, अन्न टाकल्यावरही न हलणारा, कल्ले जोरजोरात हलवणारा मासा आजारी समजावा.