रोलर कोस्टरचं वेड असेल तर राहायचं कुठे? सगळ्यात मोठ्या पार्कच्या शेजारी नक्कीच नाही!

अमेरिकेत रोलर कोस्टरच्या शौकिनांची एक मोठी संघटना आहे, अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स. स्थापना १९७८ सालची. या शौकिनांपैकी बरेच जण आपण आजवर किती वेगवेगळ्या कोस्टरवर बसलो याचा चोख हिशेब ठेवतात. हिशेबात जमा झालेल्या प्रत्येक कोस्टरला ते ‘क्रेडिट’ म्हणतात.

या मंडळींवर नोकरी बदलायची किंवा घर घ्यायची वेळ आली की एक प्रश्न हमखास येतो. जायचंच आहे तर अशा ठिकाणी का जाऊ नये, जिथे भरपूर कोस्टर आहेत?

उत्तर सोपं वाटतं. नकाशा उघडा, सगळ्यात जास्त कोस्टर असलेलं पार्क शोधा आणि त्याच्या शेजारी घर बघा. पण इथेच गफलत होते. फिरायला जाणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो आणि तिथे राहणाऱ्याचा वेगळा.

राहणाऱ्याचा हिशेब वेगळा का?

पर्यटक दोन दिवसांसाठी येतो. त्याला जितके जास्त कोस्टर तितकं बरं. तिथे राहणाऱ्याचे मात्र सगळे क्रेडिट पहिल्या एक-दोन महिन्यांतच संपतात. त्यानंतर उरतं ते एकच सुख: मनात आलं की जायचं, दोन-तीन राइड घ्यायच्या आणि जेवायला घरी यायचं.

म्हणून कोस्टरच्या आकड्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात. पार्क वर्षातले किती दिवस उघडं असतं? दोन-अडीच तासांच्या अंतरात आणखी किती पार्क आहेत? आणि हे पार्क पुढची दहा-पंधरा वर्षं टिकेल का?

आता या तीन प्रश्नांवर अमेरिकेतली नावाजलेली ठिकाणं तपासून बघू.

सँडस्की, ओहायो: कोस्टरची पंढरी, पण सहा महिन्यांची

एरी सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर सीडर पॉइंट हे पार्क आहे. सुरुवात १८७० सालची. २०० फुटांची उंची पार करणारा पहिला पूर्ण फेरीचा कोस्टर, मॅग्नम एक्सएल-२००, इथेच १९८९ मध्ये सुरू झाला. २००० साली आलेला मिलेनियम फोर्स ३१० फुटांचा. शौकिनांसाठी ही पंढरीच.

अडचण हवामानाची आहे. पार्क साधारण मे ते ऑक्टोबर चालतं आणि शेवटच्या दोन महिन्यांत तर मुख्यतः वीकेंडलाच. थंडीत ग्रीस घट्ट होतं, चाकं कडक होतात, गाडीचा वेग घटतो आणि ती मधल्याच चढावर अडकू शकते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत असे कोस्टर चालवत नाहीत.

म्हणजे आठवड्यातून एकदा जायचं ठरवलं, तर सँडस्कीत वर्षाला साधारण २६ फेऱ्या होतील. बारमाही पार्कजवळ राहणाऱ्याच्या होतील ५२. शिवाय सँडस्की हे सुमारे २५ हजार वस्तीचं गाव आहे. नोकरीसाठी बऱ्याचदा तासभर अंतरावरच्या क्लीव्हलंडकडे बघावं लागतं.

दक्षिण कॅलिफोर्निया: हवा छान, घर महाग

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन आहे. तिथे २० च्या आसपास कोस्टर आहेत आणि एकाच पार्कातल्या संख्येत ते जगात अव्वल मानलं जातं. दक्षिणेला नॉट्स बेरी फार्म आणि १९५५ साली सुरू झालेलं डिस्नेलँड. तिन्ही वर्षभर चालतात.

पहिल्या दोन प्रश्नांवर या भागाला पैकीच्या पैकी गुण. पण घरांच्या किमती आणि भाडी अमेरिकेतल्या सर्वांत महाग भागांपैकी. त्यात ट्रॅफिक. मॅजिक माउंटन एका टोकाला आणि नॉट्स दुसऱ्या. संध्याकाळच्या गर्दीत एवढं अंतर कापायचं म्हणजे राइडपेक्षा गाडीत जास्त वेळ जायचा.

ऑरलँडो, फ्लोरिडा: बारमाही, पण पास किती काढायचे?

डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड एकाच शहरात. युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क मे २०२५ मध्ये सुरू झालं. साधारण सव्वा तासावर टँपाचं बुश गार्डन्स आहे. तिथे २०२२ मध्ये आयर्न ग्वाझी आला.

इथे दोन गोष्टींचा विचार करा. एक म्हणजे पाऊस. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-पाऊस ठरलेला आणि आसपास वीज कडाडली की उघड्यावरचे कोस्टर बंद. त्यामुळे ऑफिस सुटल्यावर जाण्याची सवय उन्हाळ्यात फसते. सकाळ गाठावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे मालक वेगवेगळे. सीवर्ल्ड आणि बुश गार्डन्स एका कंपनीचे, पण डिस्ने आणि युनिव्हर्सलचे पास स्वतंत्र. सगळीकडे जायचं तर तीन कंपन्यांना पैसे मोजावे लागतात. वर चक्रीवादळांमुळे घराचा विमाही महाग.

न्यू जर्सी: मराठी माणसाच्या ओळखीचा भाग

एडिसन आणि आसपास मराठी कुटुंबं बरीच आहेत. तिथून साधारण पाऊण तासावर जॅक्सनचं सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर आहे. तिथला नायट्रो आणि खोपोलीच्या इमॅजिकामधला नायट्रो ही फक्त नावाची भावंडं नाहीत, दोन्ही बी अँड एम या एकाच स्विस कंपनीने बनवलेत. फरक असा, की तिथला २३० फूट उंच आणि सरळ चढ-उतारांचा, तर आपला पायाखाली फळी नसलेला, उलटा फिरवणारा.

अ‍ॅलनटाउनचं डॉर्नी पार्क आणि १९२७ पासून चालणारा कोनी आयलंडचा सायक्लोन हे एडिसनहून साधारण तास-सव्वा तासावर. पेनसिल्व्हेनियातलं हर्शीपार्क अडीच तासांवर. हिवाळ्याची सोयही आहे, कारण ईस्ट रदरफर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये छताखाली कोस्टर चालतात. नोकऱ्या भरपूर, खर्चही भरपूर.

मग बरं पडतं कुठे?

सर्वसाधारण पगार असलेल्या शौकिनाला बरं पडतं ते दोन पार्कांच्या मधलं शहर.

पहिलं उदाहरण कोलंबस. ही ओहायोची राजधानी, शिवाय मोठं विद्यापीठ असलेलं शहर. उत्तरेला साधारण दोन तासांवर सीडर पॉइंट. दक्षिणेला साधारण दीड तासावर किंग्ज आयलंड. तिथला १९७९ चा द बीस्ट हा जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर. दोन्ही पार्क एकाच कंपनीची, त्यामुळे दोन्हीकडे चालणारा एकच पास मिळू शकतो. उणीव एकच, हिवाळा.

दुसरं उदाहरण रिचमंड, व्हर्जिनियाची राजधानी. अर्ध्या तासात किंग्ज डोमिनियन, तासाभरात विल्यम्सबर्गचं बुश गार्डन्स. दोन्ही पार्क १९७५ सालची. मालक वेगळे म्हणून पास दोन लागतात, पण हिवाळा ओहायोपेक्षा सौम्य आणि दोन्ही पार्क ऑफिसनंतर गाठता येण्याइतकी जवळ. कामाच्या दिवशी राइड घ्यायची असेल, तर कोलंबसपेक्षा रिचमंड सरस.

एकाच पार्कवर भरवसा का ठेवू नये?

कारण पार्क बंद पडतात. क्लीव्हलंडजवळचं जिओगा लेक २००७ च्या सीझननंतर कायमचं बंद झालं. तिथला डॉमिनेटर हा कोस्टर सुटा करून थेट किंग्ज डोमिनियनला नेला. पार्कसाठी तिथे घर घेतलेल्यांना तो उचलून नेता आला नसता.

ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमधला ४५६ फुटांचा किंगडा का अनेक वर्षं जगातला सर्वांत उंच कोस्टर होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो स्फोटकांनी पाडला. कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारातल्या ग्रेट अमेरिका पार्कची जमीन २०२२ मध्येच विकली गेली आहे आणि पार्क भाडेकरारावर चालतंय.

मालकही बदलतात. सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज या दोन मोठ्या कंपन्या जुलै २०२४ मध्ये एक झाल्या. अशा बदलानंतर पासचे नियम बदलू शकतात. गृहकर्ज मात्र तीस वर्षांचं असतं.

घर ठरवण्याआधी एवढं करा

- पार्कचं यंदाचं वेळापत्रक उघडा आणि तुमच्या सुटीच्या दिवशी ते किती वेळा उघडं आहे ते मोजा.
- घर ते पार्क हे अंतर किलोमीटरमध्ये नको, संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये लागणाऱ्या मिनिटांत बघा.
- पार्कची जमीन कोणाची, स्वतःची की भाड्याची, हे शोधा.
- आधी वर्षभर भाड्याने राहा. एक पूर्ण सीझन गेल्यावरही आवड टिकली, तर घराचं बघा.
- पार्क उद्या बंद झालं तरी या गावात राहू का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर ते गाव राहण्यासाठी नाही, सहलीसाठी चांगलं आहे.

थोडक्यात, सगळ्यात उंच कोस्टर बघायला वर्षातून एकदा प्रवास करता येतो. राहायला जागा अशी निवडा, जिथून मंगळवारी संध्याकाळीसुद्धा एखादी राइड घेता येईल.