सुजलेल्या हाताचा इतिहास

1921 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले नामवंत सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय होता स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हाताला येणारी सूज. ऑपरेशनची ती पद्धत त्यांनीच 1894 च्या निबंधातून जगभर रुजवली होती: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसग्रंथी, सगळं एकदमच काढायचं. निबंधानंतर वर्षभरातच हॉलस्टेड वारले. ऑपरेशन मात्र पुढची पन्नास वर्षं तसंच चालू राहिलं.

सुजेचं कारण साधं आहे. पेशींभोवती झिरपणारा द्रव लसवाहिन्यांतून पुन्हा रक्तात जातो आणि हाताचा हा निचरा मुख्यतः काखेतून होतो. तिथल्या ग्रंथी काढल्या किंवा किरणोपचारानं आजूबाजूचा भाग आवळला गेला, की द्रव हातातच साचू लागतो. कधी काही महिन्यांत, कधी कित्येक वर्षांनी. ब्लाउजची बाही दाटते, बांगडी चढत नाही, हात जड होतो. डॉक्टरांच्या लेखी बाई बरी झालेली असे. भांडी घासताना, मूल उचलताना, केस विंचरताना काय होतं, याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

ही उणीव भरून काढायला एक रुग्णच पुढे आली. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचं ऑपरेशन 1952 मध्ये झालं. नंतर हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, हे सांगणारं कुणीच त्यांना भेटलं नाही. मग त्या स्वतःच नव्या रुग्णांच्या खाटेपाशी जाऊ लागल्या. सोबत रबरी चेंडू, व्यायामासाठी दोरी आणि कपड्यांच्या आत घालायचा कृत्रिम स्तन. काही डॉक्टरांना ही लुडबुड वाटली. तरी ‘रीच टु रिकव्हरी’ नावाचं हे काम वाढत गेलं आणि 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं ते आपलंसं केलं.

इतकं मोठं ऑपरेशन मुळात हवंच का, हा प्रश्न अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांनी धसास लावला. 1971 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीत सोळाशेहून अधिक स्त्रिया होत्या. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही स्नायू काढल्यानं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पुढे, 1990 च्या दशकात, काखेतल्या पहिल्या एक-दोन ग्रंथीच तपासून बाकीच्या वाचवण्याचं तंत्र आलं.

जुना धाक तरीही टिकून होता: त्या हातानं जड काही उचलायचं नाही. 2009 मध्ये अमेरिकन संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांनी हाताला सूज असलेल्या 141 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणींना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचलायला लावलं होतं. व्यायामामुळे सूज वाढल्याचं दिसलं नाही. उलट त्रास बळावण्याचं प्रमाण वजन उचलणाऱ्यांत 14 टक्के राहिलं, व्यायाम न करणाऱ्यांत 29 टक्के. हंडा-कळशी उचलणाऱ्या बायकांना ‘हात जपा’ एवढंच सांगून घरी पाठवणं किती अपुरं होतं, हे या आकड्यांवरून कळतं.

भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. पुष्कळ जणी उशिरा दवाखान्यात पोचतात, म्हणून काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढाव्या लागण्याचं प्रमाणही मोठं आहे. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल आणि बांगडी किंवा अंगठी घट्ट होऊ लागली असेल, तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नका. ही सूज सुरुवातीलाच ओळखली, तर दाबपट्ट्या, हलका मसाज आणि व्यायाम यांनी आटोक्यात राहते. फिजिओथेरपिस्टकडे त्याच आठवड्यात जा.