महाडचं पाणी आणि जगाची लोकशाही



विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेसाठी काय लिहावं याचा विचार करताना आम्हाला वाटलं की, आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट नव्या पिढीपुढे ठेवावी. आपलं जिते म्हणजे पनवेल-रोहा लाईनवरचं एक लहानसं स्टेशन. हमरस्त्यानं पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव करत खाली गेलं की महाड लागतं. जगातल्या लोकशाहीचा इतिहास लिहायचा झाला तर या महाडच्या चवदार तळ्याला सोडून तो पुरा होणार नाही, असं आम्ही मानतो. असं का म्हणतो, ते सांगण्यासाठी हा लेख.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि मुंबई कायदेमंडळानं तो १९२३ च्या ऑगस्टात मंजूर केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं झालं होतं. पण तळ्याच्या पायरीवर पाय ठेवण्याची सोय नव्हती! गुरंढोरं पाणी पीत होती आणि माणूस तहानलेला परत जात होता.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आजचा रायगड जिल्हा तो तेव्हाचा कुलाबा. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस अशा कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. २० मार्चला परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर आपल्या माणसांना गाठून मारझोड झाली. रागानं पेटलेली माणसं उलटून हात उगारायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. मंडपाला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. बघा, कोकणातल्या गोरगरिबांच्या सभेला त्यांनी थेट जगाच्या इतिहासात नेऊन बसवलं! त्याच दिवशी मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. तळ्याबाबत कोर्टाचा मनाई हुकूम आला होता, म्हणून सत्याग्रह स्थगित करून लढा कोर्टात नेला. दहा वर्षं कळ काढली. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला.

या साऱ्यातून काय शिकायचं? ठराव होता, कायदा होता, तरी पाणी मिळत नव्हतं. कारण समोरचा माणूस आपल्याला माणूस मानायला तयार नव्हता. कायद्याला जे करता आलं नाही, ते कशानं होणार? आमच्या मते बाबासाहेबांचं पुढचं सारं चिंतन याच प्रश्नाभोवती आहे.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर त्यांचं छोटंसं भाषण झालं. विषय होता, माझं वैयक्तिक तत्त्वज्ञान. त्यांनी सांगितलं की, आपलं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत सामावलं आहे. मात्र ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही. त्याचं मूळ राजकारणात नसून धर्मात आहे आणि ते आपले गुरू तथागत बुद्ध यांच्या शिकवणीतून आलं आहे. स्वातंत्र्य बेफाम झालं तर समता मरते, समतेचा अतिरेक झाला तर स्वातंत्र्याला जागा उरत नाही. कायदा राखण करील, पण हमी देऊ शकणार नाही. खरी राखण बंधुतेची. म्हणून त्यांनी बंधुतेला सर्वांत वरचं स्थान दिलं. चवदार तळ्याच्या अनुभवाचंच हे सार नव्हे काय?

लोकशाही ही पश्चिमेची देणगी आहे, असं शाळेत शिकवलं जातं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी आठवण करून दिली की, बौद्ध भिक्खू संघाला सभेचे नियम, ठराव, गणपूर्ती, मतदान हे सगळं ठाऊक होतं. संघात शलाका, म्हणजे काड्या, वाटून मतं मोजत. वज्जी गणराज्याबद्दल विचारलं असता तथागत म्हणाले होते की, जोवर ते वारंवार एकत्र जमतात आणि एकोप्यानं कामं करतात, तोवर त्यांची भरभराटच होईल. त्याच भाषणात बाबासाहेबांनी इशाराही दिला: राजकारणात विभूतिपूजा म्हणजे हुकूमशाहीकडे जाणारी वाट. त्यांच्या तसबिरीला हार घालताना आपण हेही ध्यानात ठेवावं.

त्यांची नजर देशापुरती नव्हती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितल्याचं समजताच त्यांनी १९४६ साली त्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात बोलताना त्यांनी लोकशाहीला लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी लागते, असं सांगितलं. अन्याय कोणावरही होवो, ज्याचं मन पेटून उठतं तो खरा लोकशाहीवादी. उदाहरण दिलं ते दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध उभे राहिलेल्या रेव्हरंड स्कॉट या गोऱ्या धर्मोपदेशकाचं.

आज जगाचीही एक पंचायत आहे. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला, १९४८ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. पण सुरक्षा परिषदेत पाच देशांपैकी एकानं जरी नकार दिला तरी ठराव अडतो. ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात, ही महाडचीच गोष्ट जगाच्या पातळीवर चालू आहे. तेव्हा जगाची लोकशाही कोणी वरून आणून देणार नाही. ती माणसामाणसाच्या मनात तयार व्हावी लागेल.

आपल्याच पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, सेझला जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचं मतदान घेण्यात आलं. जमीन ज्याची त्याला विचारलं गेलं, ही मोठी गोष्ट. पण ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्या मजुराला, कातकऱ्याला कोण विचारणार? हा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्या मनात बंधुता रुजली असं म्हणायचं.

म्हणून आमची विनंती एवढीच की, प्रत्येकानं आपलं वैयक्तिक तत्त्वज्ञान घडवावं आणि ते रोजच्या वागण्यात तपासावं. विहाराच्या कमिटीत उपासिकांचं मत विचारतात, की त्यांना फक्त खीर करायला बोलावतात? हिशेब सगळ्यांपुढे वाचला जातो का? मुलीच्या लग्नाचं ठरवताना मुलीला विचारतो का? आपल्यापेक्षा खालचा समजून आपण कोणाला ओट्याखाली तर बसवत नाही ना? बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेलं पाणी सगळ्यांचं होतं. ते आपल्यापाशी अडू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!