ध्वनिमुद्रण घरीं आलें

गायकानें यंत्राकडे जावें, हा ध्वनिमुद्रणाचा पहिला नियम होता. यंत्र गायकाच्या घरीं यावें, ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. या दोन टोकांमध्यें सुमारें शंभर वर्षांचें अंतर पडलें. मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही नगरांपासून दूर असलेल्या नागपूरला तें मैलांतही मोजावें लागलें.

१९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायझबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. विजेचा ध्वनिग्राहक तेव्हां प्रचारांत नव्हता. कर्ण्यासमोर तोंड धरून गावें लागे, आणि आवाजाच्या कंपनांनीं हलणारी सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें मिळत. तासभर फुलणारा राग तेवढ्यांत आवरावा लागे. आवाजांचा मेळ घालण्याचें साधन म्हणजे केवळ अंतर. गायक कर्ण्याजवळ बसे, आणि साथीचीं वाद्यें आपापल्या जोराप्रमाणें कमीअधिक दूर ठेवीत. एकदां उमटलेल्या रेघेस दुरुस्ती नसे. १९२५ च्या सुमारास विजेवरील मुद्रण आलें. त्यानें कर्णा गेला, तरी यंत्राकडे जाण्याचा प्रवास कांहीं चुकला नाहीं.

नागपुरांत गाण्याला तोटा नव्हता. वसंतराव देशपांडे यांना शंकरराव सप्रे यांची तालीम याच शहरांत मिळाली. त्यांची कीर्ति मात्र पुण्या-मुंबईस बहरली. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या या राजधानींत १९४८ च्या जुलैमध्यें आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें, तेव्हां वैदर्भीय गायकाला स्वतःच्या गांवांत ध्वनिक्षेपकासमोर बसतां येऊं लागलें. त्या दारावर अर्थातच पहारा होता. आकाशवाणीनें १९४० सालींच संवादिनीस बंदी केली होती. ती १९७१ पासून सैल होऊं लागली. पेटीचे बारा सूर आधींच बांधलेले असतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला काढतां येत नाहीं, हा मुख्य आक्षेप. तो मान्य असो वा नसो, निर्णय गायकाच्या हातीं नव्हता.

कॅसेटनें तें दार बरेंच उघडलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरांत ज्या भूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षीं लक्षावधि लोक जमतात. तेथील दुकानांत पुस्तकांच्या शेजारीं भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढें सीडी मांडलेल्या असत. प्रतिष्ठित मैफलींत ज्या गाण्यांना क्वचितच जागा मिळे, तीं अशा मार्गानें खेडोपाडीं पोहोंचलीं.

शेवटचें पाऊल संगणकानें टाकलें. १९५७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यांनीं संगणकाकडून सूर काढविले. त्या काळचें तें यंत्र प्रयोगशाळेबाहेर कोणास परवडणारें नव्हतें. २००० सालीं ‘ऑडॅसिटी’ ही ध्वनिसंपादनाची आज्ञावली विनामूल्य प्रसिद्ध झाली, आणि साध्या घरगुती संगणकावर मुद्रण होऊं लागलें. सीडीच्या मापानें संगणक प्रत्येक सेकंदाला आवाजाचीं ४४,१०० मोजमापें घेतो आणि त्यांचे आंकडे जपून ठेवतो.

नागपूरच्या घरांत हें काम मे महिन्यांत करावयाचें, तर पहिला त्याग कूलरचा. पारा पंचेचाळीस अंशांकडे चढलेला असतांही कूलर व पंखा बंद ठेवावे लागतात; नाहींतर त्यांची घरघर गाण्यांत कायमची बसते. भिंतींवरून परतणारा आवाज गिळण्यासाठीं गाद्या उभ्या करतात, गोधड्या टांगतात. तानपुरा कानावरील श्रवणयंत्रांतून ऐकावयाचा, म्हणजे गळा तेवढा वेगळा मुद्रित होतो. तबला उद्यां, बांसरी परवां. मग या साऱ्या पट्ट्यांचें मिश्रण करावयाचें: कोणता आवाज पुढें, कोणता मागें, कोणता उजवीकडे, कोणास किती घुमारा. कर्ण्याच्या काळीं पावलांनीं मोजलेलें अंतर आतां पडद्यावरील एका रेघेनें ठरतें, आणि मन बदललें तर पुनः बदलतां येतें.

ही मोकळीक फुकट मिळालेली नाहीं. १९९७ सालीं ‘ऑटो-ट्यून’ आलें. हुकलेला सूर तें जवळच्या ठराविक सुरावर नेऊन बसवितें. नेहमीच्या मांडणींत हे सूर बाराच असतात. तें जोरानें लाविलें, तर गळ्यानें काढलेल्या मींडेच्या पायऱ्या होतात. पेटीवरचा जुना आक्षेप येथें गळ्यालाच लागूं पडतो. शिवाय आज मुद्रित झालेल्या गायकाच्या जागेला उद्यां वाजविणारा तबलजी दाद देईल, परंतु ती दाद ऐकून गायकाला पुढची जागा सुचणार नाहीं. समोरासमोर बसून होणारा हा संवाद कोणत्याही रेघेनें मागाहून भरून निघत नाहीं.

तरीही तोल गायकाच्याच बाजूस झुकतो. पूर्वीं तीन मिनिटांची मर्यादा तबकडीनें घातली, पेटीची बंदी आकाशवाणीनें घातली. गायकाला कोणी विचारलें नाहीं. आज सुरांची दुरुस्ती चालू ठेवावी कीं बंद करावी, साथीदारांस एका खोलींत बसवावें कीं वेगवेगळ्या दिवशीं बोलवावें, हें तो स्वतः ठरवूं शकतो. मात्र ‘पुनः एकदां गा’ असें सांगणारें तिऱ्हाइत माणूसही आतां त्यालाच शोधून आणावें लागतें. कारण तें काम कोणत्याही आज्ञावलीला अजून साधलेलें नाहीं.